साठ फुटांवरचा नेम : टेन-पिन बोलिंगमधील रोख आणि फळ्यांचे गणित

टेन-पिन बोलिंगमध्ये फाऊल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर ६० फूट असते. लेनची रुंदी साधारण साडेएकेचाळीस इंच. या रुंदीत ३९ फळ्या बसवलेल्या असतात. आजच्या कृत्रिम लेनवर त्या नुसत्या छापलेल्या असतात, पण मोजणी तीच. एक फळी इंचाहून किंचित रुंद भरते. दहा पिना समभुज त्रिकोणात उभ्या असतात आणि शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांत १२ इंच अंतर असते. बॉलचा व्यास साडेआठ इंच. १८९५ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन बोलिंग काँग्रेसची स्थापना झाल्यानंतर ही मापे हळूहळू सगळीकडे एकसारखी झाली. म्हणून मुंबईच्या लेनवर केलेला हिशेब बेंगळुरूत किंवा बँकॉकमध्येही चालतो. नेम सुधारण्याचा विचार या मापांपासूनच सुरू करावा लागतो. हातातल्या कसबाकडे वळायचे ते त्यानंतर.

साठ फुटांवर एक अंशाची चूक म्हणजे साडेबारा इंचांची चूक, म्हणजे बॉल थेट त्याच रांगेतल्या शेजारच्या पिनेपाशी जातो. पुढच्या आणि मागच्या रांगेतल्या लगतच्या पिना आडव्या दिशेने केवळ सहा इंचांनी सरकलेल्या असतात. त्यांच्यातला फरक अर्ध्या अंशाचा. भिलाईच्या पोलाद कारखान्यात १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. तिथे सुरुवातीची तसूभर वाकडी चाल दुसऱ्या टोकाला जशी डोळ्यांत भरते, तसाच हा प्रकार आहे. बॉल सोडताना खांदा किती वळला हे खेळणाऱ्याला जाणवतही नाही, पण पिनांपाशी त्याचा हिशेब चुकता होतो. त्यामुळे ‘पुढच्या वेळी नीट टाकतो’ या निश्चयाने नेम सुधारत नाही. अर्ध्या अंशाची चूक उघड्या डोळ्यांना दिसत नाही. ती दिसेल अशा खुणा हाताशी असाव्या लागतात.

एकटी उभी राहिलेली पिन पाडायला जागा किती असते, हेही मोजून पाहण्यासारखे आहे. पिनेची पोटाशी जाडी पावणेपाच इंच. ती आणि बॉलचा व्यास यांची बेरीज सव्वातेरा इंच होते. बॉलचा मध्य एवढ्या पट्ट्यात कुठेही आला की पिनेला स्पर्श होतो. बारा फळ्यांची ही सवलत म्हणजे सुमारे एक अंश, मध्यापासून प्रत्येक बाजूला अर्धा. कोपऱ्यातल्या सातव्या आणि दहाव्या पिनेची गोष्ट मात्र वेगळी. या पिनांच्या मध्यापासून लेनची कड जेमतेम पावणेतीन इंचांवर असते आणि त्यापलीकडे गटर. तिथला पट्टा साडेनऊ इंचांच्या आसपास उरतो, म्हणजे पाऊण अंशाहूनही कमी. कोपऱ्यातली पिन लांब आहे म्हणून सुटते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिच्या वाट्याची जवळजवळ तीस टक्के जागा गटरने खाल्लेली असते.

आता डोळ्यांकडे. बांटी म्हणजे गोट्या, पिट्ठुल म्हणजे लगोरी, हे नेमाचे खेळ दुर्ग-भिलाईच्या मुलांच्या अंगवळणी पडलेले असतात. छत्तीसगड शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्येही बांटी आणि पिट्ठुल होते. बांटी खेळताना मुलगा खाली बसतो, बोटावर ताणलेली गोटी नजरेखाली असते आणि डोळा, गोटी आणि लक्ष्य जवळजवळ एका रेषेत येतात. लक्ष्याकडे पाहावे आणि सोडावे, एवढे पुरते. हीच सवय घेऊन माणूस बोलिंगच्या लेनवर येतो आणि फसतो. बोलिंगमध्ये बॉल खांद्यावरून लोंबत असतो. शेवटच्या पावलाला जो पाय घसरत पुढे जातो, त्याच्या आतल्या कडेपासून बॉल सहा ते आठ फळ्या बाजूला लेनवर टेकतो. डोके साधारण पायाच्या वर, बॉल मात्र वीतभर बाजूला. नजरेची रेषा आणि बॉलची रेषा या दोन वेगळ्या रेषा आहेत. त्या एकाच बिंदूत मिळू शकतात. त्या बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे त्या फाकतात.

हे एकदा लक्षात आले की पिनांकडे बघत बॉल टाकण्यातली अडचण कळते. साठ फुटांवरच्या बिंदूकडे पाहताना बॉल पहिल्या पंधरा फुटांत कुठून गेला हे दिसत नाही, आणि चूक झाली तर ती पायांची होती की हाताची याचा पत्ता लागत नाही. यावर उपाय म्हणून लेनवर खुणा आल्या. फाऊल लाइनच्या पुढे सहा-आठ फुटांवर ठिपक्यांची रांग असते आणि बारा ते सोळा फुटांच्या पट्ट्यात सात बाण असतात. बाण दर पाचव्या फळीवर : ५, १०, १५, २०, २५, ३०, ३५. मधला, म्हणजे विसाव्या फळीवरचा बाण पहिल्या पिनेच्या सरळ रेषेत असतो. उजव्या हाताचा खेळाडू फळ्या उजव्या कडेपासून मोजतो, डावखुरा डावीकडून. या लेखातले सगळे आकडे उजव्या हाताचे आहेत. डावखुऱ्याने ते आरशात पाहिल्यासारखे उलटे घ्यावेत. फाऊल लाइनच्या मागे चालत येण्याचा जो भाग असतो, त्याला अ‍ॅप्रोच म्हणतात. त्यावरही बारा आणि पंधरा फुटांवर ठिपके असतात, आणखी एक रांग फाऊल लाइनजवळ असते. मॉलमध्ये खेळणारे शेकडो लोक या ठिपक्यांवरून चालत जातात आणि ते कशासाठी आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही. ही उणीव चटकन भरून काढता येण्यासारखी आहे.

बाणाकडे पाहून टाकणे ही पिनांकडे पाहण्यापेक्षा बरीच भरवशाची पद्धत आहे, पण एकट्या बाणाने काम भागत नाही. एका बिंदूतून हव्या तेवढ्या रेषा जातात. दुसऱ्या बाणावरून गेलेला बॉल पिनांपर्यंतही जाऊ शकतो आणि गटरमध्येही; तो कुठून निघाला यावर ते ठरते. म्हणून जाणते खेळाडू दोन बिंदू धरतात : बॉल टेकण्याची फळी आणि बाणांपाशी ओलांडायची फळी. बाण सरासरी पंधरा फुटांवर आणि पिना साठ फुटांवर, म्हणजे गुणोत्तर चारास एक. सरळ जाणारा बॉल दहाव्या फळीवर टेकला आणि बाणांपाशी बाराव्या फळीवरून गेला, तर पहिल्या पंधरा फुटांत तो दोन फळ्या डावीकडे सरकला. साठ फुटांत आठ फळ्या सरकेल आणि अठराव्या फळीवर पोचेल. उजव्या हाताच्या खेळाडूला हवा असलेला पॉकेट, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधली जागा, साडेसतराव्या फळीच्या आसपास असते. तेव्हा ही रेषा चांगली. आता पायाचा हिशेब : बॉल दहाव्या फळीवर टेकायचा तर घसरणाऱ्या पायाची आतली कड सतराव्या फळीच्या जवळपास थांबली पाहिजे. हा सात फळ्यांचा फरक प्रत्येकाच्या शरीरबांध्यानुसार थोडा बदलतो. स्वतःचा आकडा एकदा मोजून पाठ करून ठेवला की पुढचे सगळे गणित सोपे होते.

नेम चुकण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण पायांत आहे. खेळाडू पवित्रा घेताना विसाव्या फळीवर उभा राहतो, चार किंवा पाच पावले टाकतो आणि फाऊल लाइनपाशी बाविसाव्या नाहीतर सोळाव्या फळीवर थांबतो. मधल्या पावलांत शरीर बाजूला वाहवत जाते. वाहवत जाणे हा काही दोष नाही. व्यावसायिक खेळाडूंतही अनेकजण दोन-तीन फळ्या सरकतात. दर वेळी वेगळ्या प्रमाणात सरकणे हा दोष आहे. आज दोन फळ्या डावीकडे, पुढच्या बॉलला एक उजवीकडे, असे झाले की बाण अचूक साधूनही बॉल पिनांपाशी कधी इकडे कधी तिकडे जातो. बाण कायम ठेवून टेकण्याची जागा तीन फळ्यांनी हलली, तर पिनांपाशी बॉल विरुद्ध बाजूला नऊ फळ्या जातो. एकटी पिन गाठायला मध्यापासून एका बाजूला सहाच फळ्यांची सवलत आहे, हे वर आलेच आहे.

म्हणूनच सुधारणेची पहिली पायरी म्हणजे बॉल सोडल्यावर जागच्या जागी थांबणे. तोल सावरून, बॉल पिनांपर्यंत पोचेतो, खेळाडू शेवटच्या पवित्र्यात उभा राहिला तर मान खाली घालून पायाची फळी वाचता येते. बहुतेकांचे पाय बॉल सुटताच बाजूला पळतात आणि पुरावा नाहीसा होतो. सुरुवातीला पायाची आतली कड ठरावीक फळीवर ठेवायची, शेवटी तीच कड कुठे थांबली ते पाहायचे. पाचसहा बॉलमध्ये स्वतःचा कल समजतो. पवित्रा घेताना पायांची बोटे, गुडघे आणि खांदे यांचा रोख निवडलेल्या रेषेकडे असायला हवा. इथे एक बारकावा आहे. पायांचा रोख लेनच्या कडेला समांतर ठेवून खांदे मात्र कोपऱ्यातल्या पिनेकडे वळवले, तर शरीराला पीळ पडतो आणि चालताना तो कुठेतरी सुटतो. ज्या दिशेने बॉल जायचा, त्याच दिशेला सगळे शरीर तोंड करून उभे असले की हाताला मधेच दिशा सुधारण्याचे काम उरत नाही.

हाताचे काम खरे तर लोलकाचे. खांदा ही त्याची खुंटी आणि बॉल हे वजन. लोलक आपल्या वजनाने मागे जाऊन पुढे आला तर एकाच प्रतलात राहतो. त्याला जोर लावून पुढे ओढले की खांदा उघडतो, कोपर शरीरापासून दूर जाते आणि बॉल रेषेला ओलांडून आत किंवा बाहेर सुटतो. लोलकाच्या वाटेत नितंब येऊ नये म्हणून शेवटून दुसऱ्या पावलाला उजवा पाय किंचित डावीकडे, शरीराच्या मध्याखाली पडतो आणि शेवटच्या पावलाला तोच पाय मागे डावीकडे सरकतो. त्याने बॉलला शरीराखालून जायला जागा होते. ज्यांचा बॉल सतत उजवीकडे सुटतो, त्यांनी मनगट तपासण्याआधी हे शेवटून दुसरे पाऊल तपासावे. तिथेच दोष सापडण्याचा संभव अधिक. बॉल सुटल्यावर हात लक्ष्याच्या दिशेने वर जावा असे सांगतात, त्याचे कारणही हेच : वर गेलेला हात लोलक कुठल्या प्रतलात फिरला याची साक्ष देतो.

हाताच्या चुकांतला एक मोठा वाटा बॉलच्या भोकांचा असतो आणि तो खेळाडूच्या पदरी विनाकारण टाकला जातो. सार्वजनिक जागेतल्या बॉलची अंगठ्याची भोके सगळ्यांना चालावीत म्हणून सैल पाडलेली असतात. सैल बॉल पडेल या धास्तीने मूठ आवळली जाते. आवळलेली मूठ सोडताना मनगट वळते आणि दिशा बिघडते. बॉलचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड असू शकते. नवख्याने मित्रांसमोर जड बॉल उचलण्यापेक्षा अंगठा न आवळता लोंबकळता ठेवता येईल असा बॉल शोधावा, मग तो १० पौंडांचा का असेना. जागा बदलली तरी नियमित खेळणाऱ्याने स्वतःच्या हाताच्या मापाचा बॉल करून घेणे, हा नेमासाठीचा सर्वांत उपयोगी खर्च आहे.

नजरेबद्दल संशोधनाने पुष्टी दिलेली एक गोष्ट आहे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन विकर्स यांनी बास्केटबॉलचे फ्री थ्रो, गोल्फचे पटिंग अशा नेमाच्या कृतींत खेळाडूंच्या नजरेची नोंद घेतली. निर्णायक हालचाल सुरू होण्याआधी कुशल खेळाडूची नजर लक्ष्यावर अधिक लवकर स्थिरावते आणि अधिक वेळ टिकते, असे त्यांना आढळले. बोलिंगमध्ये याचा व्यवहारी अर्थ असा : पहिले पाऊल टाकण्याआधी बाण निवडून झालेला असावा आणि बॉल बाणांवरून पलीकडे जाईपर्यंत नजर तिथेच राहावी. पिना पडताना पाहण्याची घाई झाली की डोके वर उचलले जाते, डोक्यामागून खांदा जातो आणि पाऊण अंश तिथेच गमावतो. दोन डोळ्यांपैकी कोणता डोळा वरचढ आहे हेही पाहून ठेवावे. दोन्ही हातांच्या पंजांनी त्रिकोण करून त्यातून दूरची एखादी खूण पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. जो उघडा असताना खूण त्रिकोणात राहते तो वरचढ. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा डोळा वरचढ असला तर त्याला बॉल बाणाच्या एखाद-दुसऱ्या फळीने बाजूने गेल्यासारखा दिसू शकतो. त्यासाठी मान वाकडी करण्याची गरज नाही. तेवढी सूट धरून नेम लावला की झाले.

इथपर्यंतच्या सगळ्याचा मोबदला सर्वांत जास्त कुठे मिळतो? स्ट्राइकमध्ये, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पाडण्यात नव्हे; स्पेअरमध्ये, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलला पाडण्यात. गुणांकन पाहावे. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे दोन बॉलच्या फेरीत, पहिल्या बॉलला नऊ पिना पाडणारा आणि दहावी सोडणारा खेळाडू डाव ९० वर संपवतो. तोच खेळाडू दर वेळी उरलेली एक पिन पाडेल तर त्याचा डाव १९० वर जातो, आणि त्यात स्ट्राइक एकही नसतो. पूर्ण शंभर गुणांचा हा फरक केवळ दुसऱ्या बॉलच्या नेमाचा आहे. अमेरिकेच्या वॉल्टर रे विल्यम्स धाकटे यांनी व्यावसायिक पीबीए स्पर्धांची ४७ विजेतेपदे मिळवली. ते घोड्याचे नाल खुंटीवर फेकण्याच्या खेळाचे सहा वेळा विश्वविजेते होते. त्यांच्या खेळात बॉलच्या फिरकीचा दिमाख कमी आणि रेषेची शिस्त जास्त होती. भारतातल्या हौशी खेळाडूने आदर्श ठेवावा तो असा.

स्पेअरसाठी प्रचलित असलेली पद्धत म्हणजे ३-६-९. स्ट्राइकसाठीचा बाण तोच ठेवायचा. पहिल्या पिनेच्या डावीकडची दुसरी पिन उरली तर सुरुवातीची जागा तीन फळ्या उजवीकडे घ्यायची, चौथी उरली तर सहा, सातवी उरली तर नऊ. पिन ज्या बाजूला, पाय त्याच्या उलट बाजूला. वर तर सांगितले, की तीन फळ्या सरकल्या की बॉल नऊ फळ्या जातो. मग एका पिनेच्या सहा इंचांसाठी तीन फळ्या जास्त होत नाहीत का? उत्तर चालण्यात आहे. सुरुवातीची जागा फाऊल लाइनच्या बारा-पंधरा फूट मागे असते. तिथे तीन फळ्या सरकून खेळाडू बाणाच्या दिशेने तिरका चालत गेला, तर फाऊल लाइनपर्यंत तो फरक निम्म्याच्या आसपास उरतो. सुरुवातीपासून बाणापर्यंत सुमारे तीस फूट आणि बाणापासून पिनांपर्यंत पंचेचाळीस, म्हणजे दीडपट. तीन फळ्यांचे साडेचार ते पाच फळ्या होतात आणि एका पिनेचे अंतर भरून निघते. जो सुरुवातीला तीन फळ्या सरकतो पण चालतो मात्र सरळ, लेनच्या कडेला समांतर, त्याला ३-६-९ फसवी वाटते. दोष पद्धतीचा नसतो. तिच्यात गृहीत धरलेले तिरके चालणे त्याला कोणी शिकवलेले नसते.

उजव्या कोपऱ्यातल्या दहाव्या पिनेसाठी लेन तिरकी ओलांडणे चांगले. ही पिन तिसऱ्या फळीवर असते. बॉल पंचविसाव्या फळीवर टेकून मधल्या बाणावरून, म्हणजे विसाव्या फळीवरून गेला, तर पहिल्या पंधरा फुटांत पाच फळ्या उजवीकडे सरकतो आणि मागच्या रांगेपर्यंत एकूण एकवीस. तो चौथ्या फळीवर पोचतो. पाय तेव्हा बत्तिसाव्या फळीजवळ असतील आणि सगळे शरीर उजवीकडे तोंड करून असेल. एवढे डावीकडे उभे राहणे नवख्याला विचित्र वाटते, पण उजवीकडून गटरच्या कडेकडेने बॉल नेण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. सातव्या पिनेसाठी हीच कृती उलट्या बाजूने. अनेक स्पर्धक स्पेअरसाठी प्लास्टिकच्या कवचाचा, कमी वळणारा बॉल वेगळा ठेवतात, कारण सरळ रेषेवर तेलाचा परिणाम कमी होतो.

स्ट्राइकचे गणित अधिक नाजूक आहे. बॉल पॉकेटमध्ये साडेसतराव्या फळीवर आणि लेनच्या दिशेशी सुमारे सहा अंशांचा कोन करून शिरला तर दहाही पिना पडण्याची शक्यता सर्वाधिक, हे अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या चाचण्यांतून आलेले सूत्र. सरळ बॉल अगदी उजव्या कडेवरून टाकला तरी त्याला दीड अंशाचाही कोन मिळत नाही. बाकीचा कोन फक्त हूक देऊ शकतो. म्हणजे फिरकी दिलेला बॉल आधी सरळ घसरतो आणि शेवटच्या वीस फुटांत वळतो. ही वळण्याची जागा तेल ठरवते. लेनवर पिनांपासून काही अंतर सोडून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. चाळीस फुटांच्या आसपासचा थर सर्वसाधारण. मध्यभागी दाट, कडांना विरळ. तेलावर बॉल घसरतो, कोरड्या लाकडावर वा कृत्रिम पृष्ठभागावर पकड घेतो. थराच्या लांबीतून ३१ वजा करावेत आणि उरलेल्या फळीवर बॉल तेलातून बाहेर पडावा, असा एक ढोबळ नियम खेळाडू पाळतात : चाळीस फुटांच्या थराला नववी फळी.

डाव पुढे जातो तसे बॉल तेल उचलून नेतात, वाटा कोरड्या पडतात आणि तोच बॉल लवकर वळू लागतो. तेव्हा नेम बिघडलेला नसतो, लेन बदललेली असते. उपाय एका वाक्यात सांगता येतो : बॉल ज्या बाजूला चुकतो, त्याच बाजूला पाय सरकवा. बॉल डावीकडे जास्त जात असेल तर बाण तोच ठेवून पाय डावीकडे, म्हणजे बॉल उजवीकडून वळसा घेईल. लेन फारच कोरडी झाली तर पाय दोन फळ्या आणि नजर एक फळी अशी जोडी हलवतात. हे सारे शिकण्याजोगे आहे, पण ज्याचा घसरणारा पाय दर वेळी वेगळ्या फळीवर थांबतो त्याला तेलाचा अंदाज कधीच येणार नाही. त्याच्या दृष्टीने लेन दर बॉलला बदलत असते.

भारतात हा खेळ मुख्यतः मॉलमधून पसरला. मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बोलिंग आले, पुढे कमला मिलमध्ये स्मॅश या मनोरंजन केंद्राने २०१२ च्या सुमारास लेन सुरू केल्या. बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवरचे अमीबा हे बोलिंग केंद्र स्पर्धांमुळे देशभरच्या खेळाडूंच्या ओळखीचे झाले. टेन-पिन बोलिंग फेडरेशन ऑफ इंडिया राष्ट्रीय स्पर्धा घेते आणि तमिळनाडूचे शब्बीर धनकोट यांनी तिचे विजेतेपद अनेकदा मिळवले आहे. आशियाई खेळांत बोलिंग १९७८ च्या बँकॉक स्पर्धेत आले, राष्ट्रकुल खेळांत १९९८ मध्ये क्वालालंपूरला. चेन्नई, बेंगळुरू, दिल्ली परिसर इथून खेळाडू पुढे येतात. दुर्ग-भिलाई, रायपूर, नागपूर या पट्ट्यातल्या खेळाडूला मात्र बहुधा मनोरंजन केंद्राच्या दोन-चार लेनवरच हात बसवावा लागतो.

अशा लेनवर तेल रोज आणि मापाने पडेलच असे नाही. काही ठिकाणी पिना दोरीला बांधलेल्या असतात. दोरीच्या पिना मोकळ्या पिनांसारख्या लोळत नाहीत, म्हणून युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने २०२३ मध्ये त्या प्रकाराला स्पर्धेचा स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली. काही केंद्रांत लेन आखूड असते आणि वरचे आकडे तिथे लागू पडत नाहीत. गुणोत्तर पुन्हा मोजावे लागते. एवढे असूनही, साठ फुटांच्या कुठल्याही लेनवर फळ्या ३९ आणि बाण सातच. तेलाचा भरवसा नसलेल्या जागी हूकच्या मागे लागून वर्ष घालवण्यापेक्षा सरळ बॉल आणि कोपऱ्यातल्या पिना पक्क्या करणे हा शहाणपणाचा क्रम ठरतो. नंतर चांगली लेन मिळाली तर हूक त्याच पायांवर बसतो.

सराव कसा करावा, याचे उत्तरही खुणांच्या नोंदीत आहे. पूर्ण डाव गुणांसाठी न खेळता पहिला बॉल फक्त सातव्या पिनेवर आणि दुसरा फक्त दहाव्या पिनेवर टाकायचा, बाकी पिना उभ्या राहिल्या तरी चालेल. फाऊल लाइनपाशी एकाच पावलावर उभे राहून टाकलेले काही बॉल लोलकाचा रोख दाखवतात, कारण त्यात चालण्याची भेसळ नसते. मोबाइल लेनच्या मागे, निवडलेल्या रेषेच्या सरळ मागे उभा करून केलेले मंद गतीचे चित्रण खांदा कधी उघडतो ते दाखवते. मोठ्या प्रशिक्षण केंद्रांत केगेल कंपनीच्या स्पेक्टोसारखी यंत्रणा बॉलची वाट, वेग आणि कोन आपोआप टिपते. ज्याच्याकडे ती नाही त्याने दर बॉलमागे तीन आकडे वहीत लिहावेत : पवित्र्याची फळी, थांबल्याची फळी आणि बाणांपाशी बॉल ओलांडून गेलेली फळी.

या तीन आकड्यांवरून चुकीचे मूळ ओळखता येते. सुरुवात आणि थांबा ठरल्याप्रमाणे, पण बाण चुकला, तर दोष लोलकात, मनगटात किंवा सैल अंगठ्यात आहे. बाण साधला, पण पाय दोन-तीन फळ्या इकडे-तिकडे थांबला, तर दोष चालण्यात. हाताला हात लावायचा नाही. दोन्ही बरोबर येऊनही बॉल दर वेळी पिनेच्या एकाच बाजूने जात असेल, तर खेळाडू जे ठरवतो ते नीट करतो आहे, ठरवलेली रेषाच चुकीची आहे. तेव्हा हात आणि चाल जशीच्या तशी ठेवून बॉल चुकतो त्या बाजूला एक फळी सरकून पवित्रा घ्यावा आणि पुढचे दोन-तीन बॉल पाहून मगच दुसरी फळी हलवावी.